कन्झर्व्हेटरी आणि घराची भिंत यांच्या सांध्यातील गळती: शिशाचे फ्लॅशिंग आणि कॅव्हिटी ट्रे बसवल्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमध्ये लँकाशायरला आमच्या घराच्या पश्चिमेस, म्हणजे अगदी वाऱ्याच्या तोंडावर, पॉलिकार्बोनेटच्या एकपाखी छपराची कन्झर्व्हेटरी, म्हणजे घराला जोडलेली काचेची खोली, आहे. तिचे छप्पर घराच्या विटांच्या भिंतीला जेथे टेकते, त्या सांध्यातून जोराच्या वाऱ्यापावसात पाणी आत उतरत असे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही तेथे कोड ४ जाडीच्या शिशाचे नवे फ्लॅशिंग (सांध्यावरून पाणी बाहेर वळवणारा पत्रा) आणि भिंतीच्या आत कॅव्हिटी ट्रे (भिंतीत झिरपलेले पाणी अडवून बाहेर काढणारी पन्हळ) बसवून घेतले. मधल्या काळात एक वादळी हिवाळा आणि एक कडक उन्हाळा पार पडला असल्यामुळे या कामाबद्दल आता खात्रीने लिहिता येते.

आधीच्या मालकांच्या वेळी एका ठेकेदाराने या सांध्यावर डांबरी पाठीची चिकटपट्टी लावली होती आणि तिच्या कडेवर सिलिकॉनचे थर चढवले होते. अशी पट्टी धुळकट विटेवर प्रायमर न लावता चिकटवली, तर तिची वरची कड काही ऋतूंतच सुटते. त्याहून मोठी अडचण आकुंचन-प्रसरणाची असते. पॉलिकार्बोनेटच्या तीन मीटर लांबीच्या पत्र्यात ४० अंशांच्या फरकाने सुमारे आठ मिलिमीटर बदल होतो, तर तेवढ्याच लांबीच्या विटांच्या भिंतीत तो एक मिलिमीटरही होत नाही. अशा दोन गोष्टी एकमेकींना घट्ट चिकटवून ठेवणारा कोणताही लेप कधी ना कधी फाटणारच, आणि म्हणून हा सांधा हलू देऊनही पाणी बाहेर वळवणारा असावा लागतो.

काम सुरू करण्यापूर्वी आमच्या छपराच्या कारागिराने बागेच्या पाइपने भिंतीची तपासणी केली, आणि या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच पायरी. त्याने पाणी खालून वर, टप्प्याटप्प्याने सोडले आणि प्रत्येक टप्प्यावर बराच वेळ थांबून आत काय होते ते पाहिले. केवळ छपरावर पाणी पडत असताना आत टिपूसही आला नाही. पट्टीच्या कडेवर धार येताच काही मिनिटांत उजव्या कोपऱ्यात ठिबक सुरू झाली. त्यानंतर पट्टीच्या बऱ्याच वर, नुसत्या विटांवर पाणी मारले, तेव्हा साधारण अर्ध्या तासाने दाराच्या लिंटेलवर (दारावरच्या आडव्या तुळईवर) ओलीचा पट्टा उमटला. एकाच जागी दिसणाऱ्या ओलीची कारणे दोन होती, आणि त्यांतले दुसरे कारण कितीही उत्तम फ्लॅशिंग लावले तरी दूर होणारे नव्हते.

हे दुसरे कारण पोकळ भिंतीच्या रचनेत आहे. ब्रिटनमधील बहुतेक नव्या घरांच्या भिंतीला विटांचे बाहेरचे कवच, मध्ये पोकळी आणि आतले कवच असते. बाहेरचे कवच भिजणारच, असे या रचनेत गृहीत धरलेले असते. आत झिरपलेले पाणी त्याच्या मागच्या अंगाने खाली उतरते. मात्र कन्झर्व्हेटरी जोडली की त्याच भिंतीचा खालचा भाग खोलीच्या आत येतो आणि वरून उतरणारे पाणी थेट खोलीतील विटांत पोहोचते. ते वाटेतच अडवून बाहेर काढण्यासाठी पोकळीत कॅव्हिटी ट्रे हवा. इंग्लंडमध्ये जमिनीवरील, ३० चौरस मीटरपर्यंतच्या आणि घरापासून बाहेरच्या दर्जाच्या दाराने वेगळ्या असलेल्या कन्झर्व्हेटरीला बांधकाम नियमावलीतून सहसा सूट मिळते, त्यामुळे ट्रे बसवला आहे की नाही हे कोणी तपासत नाही. माझ्या मते कन्झर्व्हेटरी असलेले घर विकत घेणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा.

ट्रे बसवताना एका वेळी दोन-तीन विटाच काढल्या, तुकडा बसवून त्या पुन्हा रचल्या आणि मगच पुढे सरकले. सलग विटा काढल्या असत्या तर वरचा भार निराधार राहिला असता. ट्रेच्या खालच्या दरजेत २५ मिलिमीटर खोल खाच घेऊन शिशाची दुमडलेली कड आत सरकवली आणि साडेचारशे मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर पडू न देता ती शिशाच्याच पाचरींनी आवळली. पत्र्याचा एकही तुकडा दीड मीटरपेक्षा लांब नव्हता आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर किमान १०० मिलिमीटर चढवला होता. लांब अखंड पत्रा दिसायला नेटका असला तरी तापून-निवून काही वर्षांत तडकतो, त्यामुळे हे तुकडे आग्रहाने मागावेत. खाच भरण्यासाठीही सिमेंट न वापरता शिशासाठीचे लवचिक सीलंट घेतले.

कामाची पहिली कसोटी नोव्हेंबर २०२४ मधील बर्ट वादळाच्या पावसात लागली, आणि डिसेंबरच्या आरंभी डॅरा वादळाचा वारा वायव्येकडून थेट याच भिंतीवर आदळत होता. आत भिंत कोरडी होती. ट्रेवर साचलेले पाणी बाहेर सोडण्यासाठी उभ्या दरजांमध्ये बसवलेल्या पाझर-जाळ्यांकडे बाहेरून मी विजेरी धरून पाहिले, तेव्हा त्यांतील दोन जाळ्यांच्या ओठावर पाणी फुगत होते आणि थेंबाथेंबाने शिशावर उतरून छपरावरून वाहून जात होते. हेच पाणी पूर्वी आमच्या लिंटेलवर येत असे. ते बाहेर पडताना पाहून मला जे समाधान वाटले, ते कोरड्या भिंतीकडे पाहूनही वाटले नव्हते.

जानेवारीत मात्र एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी भिंतीलगतच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर पुन्हा थेंब दिसले. त्याआधी पाऊस पडलेला नव्हता, त्यामुळे ते घरातील वाफेचे दव होते हे उघड होते. खिडकीवरची वायुवीजनाची फट उघडी ठेवू लागल्यापासून ते जवळजवळ थांबले. कोरड्या हवेत दिसणारे थेंब पाहून कारागिराला बोलावण्याची घाई करू नये.

२०२५ चा उन्हाळा ब्रिटनमध्ये नोंदींतील सर्वांत उष्ण ठरला. तो सरल्यावर तपासणी केली, तेव्हा शिशाच्या पत्र्याला कोठेही चीर नव्हती, पण एका टोकाला वीतभर सीलंट विटेपासून सुटले होते. बहुधा तेथे खाचेतील धूळ नीट झाडली गेली नव्हती. पत्रा दरजेत खोल गेलेला असल्याने पाणी आत आले नाही आणि कारागिराने ते विनामूल्य दुरुस्त केले. आणखी एक उणीव म्हणजे एका तुकड्याच्या कडेला पॅटिनेशन ऑइल (नव्या शिशावरून पांढरे ओघळ उतरू नयेत म्हणून लावायचे तेल) लागले नव्हते, आणि त्याखालच्या पॉलिकार्बोनेटवर पांढरे ओघळ उमटले आहेत. ते पुसले तरी पूर्ण जात नाहीत. हे तेल शिसे बसवल्यानंतर त्याच दिवशी, कडांच्या खालच्या बाजूलाही लागले पाहिजे.

आतल्या विटांवर वसंतापर्यंत लोणा फुटत राहिला. जुनी ओल बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर येतात. ते पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावेत आणि ते येणे थांबेपर्यंत रंग लावू नये.

महाराष्ट्रात भिंतीला पॉलिकार्बोनेटची शेड जोडलेल्या घरांतही हाच सांधा गळतो. तेथील भिंती सहसा भरीव असल्याने ट्रेचा प्रश्न येत नाही, पण गिलाव्यावर पट्टी चिकटवण्यापेक्षा खाच घेऊन पत्र्याची कड भिंतीत नेणे तेथेही अधिक टिकेल.

खर्चाचा मोठा वाटा परांची आणि मजुरी यांचा होता. शिशाची किंमत त्या मानाने कमी होती. म्हणूनच शिसे वाचवून त्याहून पातळ कोड ३ घेण्यात मला अर्थ दिसत नाही. अंदाजपत्रक घेताना शिशाचा कोड, तुकड्यांची लांबी, खाचेची खोली, ट्रे आणि पाझर-जाळ्यांची संख्या या गोष्टी लिहून मागाव्यात. आम्हाला आलेल्या अंदाजपत्रकांपैकी सर्वांत स्वस्त असलेल्यात ‘फ्लॅशिंग बदलणे’ एवढेच दोन शब्द होते, आणि ट्रेचा त्यात उल्लेखही नव्हता.