ठाणे स्टेशनजवळचं स्पाइक्सचं दुकान, खेळाडूंच्या पालकांनी नक्की जा

माझी मुलगी अंडर-18 मध्ये हेप्टॅथलॉन करते, म्हणजे दोन दिवसांत सात इव्हेंट, आधी हर्डल्स, हाय जंप, गोळाफेक, 200 मीटर आणि दुसऱ्या दिवशी लांब उडी, भाला आणि शेवटी जीव काढणारी 800. विभागीय स्पर्धेच्या चार दिवस आधी ऑनलाइन मागवलेल्या स्पाइक्सचा, म्हणजे तळाला खिळे असलेल्या बुटांचा, सोल पुढून सुटला, तशाच दादोजी कोंडदेव स्टेडियमवरची प्रॅक्टिस संपवून थेट या दुकानात गेलो. काकांनी तिला आधी दोन्ही पायांवर उभं केलं, अंगठ्यापुढे बोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "बाळा, एक नंबर लहान घालत होतीस." सिंथेटिक ट्रॅकला खिळे 9 मिमीपर्यंतच, हाय जंप आणि भाल्याला 12 चालतात, हेही त्यांनीच समजावलं आणि दोन्ही सेट किल्लीसकट पाकिटात घालून दिले. एवढा जीव लावून कोण बघतं हो आजकाल!

बुटांचं महत्त्व आपल्या हेप्टॅथलॉनवाल्या स्वप्ना बर्मनला विचारा, दोन्ही पायांना सहा-सहा बोटं, मापाचे बूट मिळेनात, तरी 2018 ला जकार्ता एशियाडमध्ये 6026 पॉइंट्स करून गोल्ड आणलं पोरीने.

दुकान अरुंद आहे, पार्किंग नाही, लोकलनेच या. 3 किलोचा गोळा लगेच मिळाला, 500 ग्रॅमचा भाला मात्र मागवावा लागतो, आधी सांगून ठेवा.

800 संपल्यावर पोरगी ट्रॅकवरच आडवी झाली, मी तिचे बूट काढले, टाचेला एकही फोड नव्हता.