ई-संजीवनी: घरबसल्या ओपीडी, पण कोणत्या दुखण्याला?

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची मोफत टेलिमेडिसिन सेवा. घरून थेट डॉक्टरांशी बोलायची सोय एप्रिल 2020 मध्ये सुरू झाली. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचं नाव घेतलं की पुणेकरांना 'परम' महासंगणक आठवतो; ही प्रणाली मात्र सी-डॅकच्या मोहाली केंद्राने उभी केली. सेवा चांगली आहे, पण कोणतं दुखणं घेऊन जायचं हे आधी ठरवा.

तिचं खरं काम फॉलो-अपचं. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत, नवा रिपोर्ट हातात आलाय आणि डोस तोच ठेवायचा का, एवढंच विचारायचंय, तर ससूनला केस पेपर काढून अर्धा दिवस घालवायची गरज नाही. पोटदुखी मात्र इथे आणू नका. पोट हाताने दाबून पाहावं लागतं, अपेंडिक्सची सूज स्क्रीनवर दिसत नाही. छातीत कळ किंवा धाप लागली असेल तर ॲप उघडायचंच नाही, सरळ 108 वर रुग्णवाहिका बोलवा.

मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो. तक्रार आणि ती किती दिवसांची आहे हे भरायचं, रिपोर्ट अपलोड करायचे, ओपीडी निवडायची आणि रांगेत थांबायचं. बोलणं झालं की प्रिस्क्रिप्शन उतरवून घ्या. त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेही पाहा. रिपोर्टचा फोटो काढताना कागद सपाट ठेवा. तारीख आणि कडेचा नॉर्मल रेंजचा रकाना हमखास कापला जातो आणि त्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

सगळ्यात जास्त घोळ घरच्या बीपीत होतो. डॉक्टरांनी विचारलं की लोक घाईघाईने पट्टा गुंडाळतात, बोलत बोलतच बटण दाबतात, आकडा चढा येतो आणि उगाच गोळी वाढते. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून गप्प बसा. त्याआधी अर्धा तास चहा नको. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या उंचीला. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तरी आकडा जास्तच येतो. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे सांगा. पुरळाचा फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. शेजारी एक नाणं ठेवलं की आकार कळतो.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नाही म्हणून चिडू नका. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार काही औषधं पहिल्या सल्ल्यात व्हिडिओशिवाय देता येत नाहीत, काही फक्त फॉलो-अपमध्ये चालतात आणि नार्कोटिक, म्हणजे अफूच्या जातीची गुंगीची औषधं कधीच नाहीत. या नियमांत फॉलो-अप म्हणजे त्याच तक्रारीसाठी त्याच डॉक्टरांना सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवलेलं असणं. पेठेतल्या जाड भिंतींच्या वाड्यात व्हिडिओ अडकत असेल, तर नंबर लागायच्या आधीच खिडकीशी किंवा गच्चीवर जाऊन बसा.

या सेवेची दुसरी बाजू शहरात फारशी कुणाला माहीत नाही, आणि आमच्या मते तीच जास्त मोलाची आहे. भोर, वेल्हे, मुळशीसारख्या भागांत सरकारी आरोग्य उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून बीपी-शुगर तपासतात आणि मग ई-संजीवनीवरूनच डॉक्टरांना जोडून देतात. ही सोय नोव्हेंबर 2019 पासूनची, म्हणजे घरच्या ओपीडीच्याही आधीची. इथे रुग्णाला हात लावून पाहणारं माणूस असतं, म्हणून सल्ला जास्त भरवशाचा. ओटीपीची खटपटही आजीला करावी लागत नाही. कोथरूडमध्ये बसून गावाकडच्या आईवडिलांसाठी ॲपवर नंबर लावण्यापेक्षा त्यांना उपकेंद्रावर पाठवा. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून द्या, रिकामी झालेलीसुद्धा. 'ती पांढरी छोटी गोळी' एवढ्यावरून कोणत्याच डॉक्टरांना डोस ठरवता येत नाही.