असईच्या दोन हायलँडर पलटणी : 74वी आणि 78वी

23 सप्टेंबर 1803 रोजी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेलेल्या आर्थर वेलस्लीकडे ब्रिटिश राजाच्या पायदळाच्या दोनच पलटणी होत्या : 1787 मध्ये उभारलेली 74वी आणि 1793 मधील 78वी. दोन्ही हायलँडरांच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या शिपायांच्या, दोन्ही त्या दिवशी मैलोन्‌मैल चालून थकलेल्या.

78वी डाव्या बगलेला, केळणा नदीच्या अंगाने होती. तोफांचा मारा सोसत ती पुढे सरकली, जवळ पोहोचताच तिने एकच बार झाडला आणि संगिनी रोखून शिंद्यांच्या तोफांवर तुटून पडली. गोलंदाजांनीही आपल्या तोफा सहजी सोडल्या नाहीत, हे येथे नोंदवायलाच हवे.

उजवीकडच्या 74व्या पलटणीचे नशीब वेगळे. तिच्यापुढील तुकडीचा नायक ऑरॉक गावापासून दूर राहण्याऐवजी थेट असईकडे वळला आणि त्याच्यामागून गेलेली पलटण गावातील तोफांच्या तोंडी सापडली. वर शिंद्यांचे घोडदळ कोसळले. मृतांचा आडोसा करून उरलेले शिपाई चौकोन धरून उभे राहिले, तेव्हा 19व्या लाइट ड्रॅगून घोडदळाने त्यांना सोडवले. सुमारे 500 पैकी 400 जण मेले वा जखमी झाले.

ईस्ट इंडिया कंपनीने दोघींना नेहमीच्या दोन निशाणांखेरीज सन्मानाचे तिसरे निशाण दिले, हत्तीचे चिन्हही दोघींना मिळाले. शिस्तबद्ध हल्ल्याचा नमुना म्हणून मी 78वी निवडेन. चिवटपणात मात्र 74वीच सरस. 1881 मध्ये 78वी सीफोर्थ हायलँडर्समध्ये, तर 74वी हायलँड लाइट इन्फंट्रीत विलीन झाली.