व्हाइट नॉइज मशीन: सात महिने वापरल्यावर, आणि त्या तीन ‘टुक्’बद्दल

बाळाला झोप लागावी म्हणून एकसारखी खरखर वाजवत राहणारं हे मशीन चांगलं आहे हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला खडूस म्हणायला नको. आवाज भरीव आहे, बॅटरी दोन रात्री पुरते, दोनदा हातातून पडलं तरी ढिम्म. तरीही तारे दोनच.

कारण टायमर संपला की ते बंद होतं, आणि बंद होताना ‘टुक् टुक् टुक्’ असं वाजतं. बाळाला झोपवायला बनवलेलं यंत्र, बाळ झोपल्यावर, काळोखात, तीनदा वाजतं. हे कुणीतरी बसून ठरवलं असेल. त्याला मूल नसावं.

लेक पाच आठवड्यांची असताना घेतलं. त्याआधी आमच्याकडे दोनच साधनं होती: बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आणि माझं तोंड. तिला खांद्यावर टाकायचं आणि ‘शूऽऽ शूऽऽ’ करत खोलीत फेऱ्या मारायच्या. वीस मिनिटांत माझे ओठ कोरडे, घसा बसलेला, आणि ही टक्क जागी. शेवटी बायकोने पहाटे साडेतीनला मशीन मागवलं. त्या वेळी माणूस काहीही मागवतो. किंमत बघून मी सकाळी थोडी कुरकुर केली, तेव्हा तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. विषय संपला.

खरखर ऐकून बाळं झोपतात, हे जाहिरातवाल्यांनी सोडलेलं पिल्लू मात्र नाही. १९९० साली ब्रिटनमधल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग छापून आला होता. दोन ते सात दिवसांची बाळं, वीस-वीसचे दोन गट. खरखर ऐकवलेल्या वीसपैकी सोळा पाच मिनिटांत झोपली, न ऐकवलेल्यांपैकी फक्त पाच. आमची लेक बहुधा उरलेल्या चौघांच्या गोत्रातली. पहिल्या रात्री पंचवीस मिनिटं लागली. पण आधीच्या दीड तासापुढे पंचवीस मिनिटं म्हणजे चैनच. दाराबाहेर आम्ही दोघं श्वास रोखून उभे होतो, आणि बरोबर एका तासाने आतून टुक् टुक् टुक्. मग चुळबुळ. मग ‘अँ’. मग भोंगा.

आवाजाच्या पातळीबद्दल एक गोष्ट, ही टुक्‌पेक्षा महत्त्वाची आहे हे मलाही मान्य आहे. खोक्यावरच्या चित्रात मशीन कॉटच्या कठड्याला लटकवलेलं दाखवलंय. आम्हीही तसंच लटकवलं. महिनाभराने वाचनात आलं की २०१४ साली बालरोगतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात अशा १४ मशीनची चाचणी आली होती. पूर्ण आवाजात, ३० सेंटिमीटरवरून, सगळीच्या सगळी ५० डेसिबलच्या वर गेली. नवजात बाळांच्या वॉर्डासाठी सांगितलेली मर्यादा तेवढीच आहे. तीन मशीन तर ८५ च्याही वर. मी फोनमधल्या ॲपने आमचं मोजलं. ॲपवर भरवसा किती ठेवायचा हा प्रश्न आहेच, पण कठड्याजवळ ७४ बघून पोटात गोळा आला. त्याच रात्री मशीन कॉटपासून दोन मीटर लांब, कपाटावर गेलं आणि आवाज निम्म्याच्या खाली आला. लेक तितक्याच वेळात झोपली. म्हणजे तो गोंगाट फुकटच चालला होता.

आता मेख बघा. न थांबता चालू राहायची सोय आहे, पण फक्त अडॅप्टर लावला तर. सोबतची वायर जेमतेम हातभर, प्लग कॉटच्या मागे. लांब ठेवायचं तर बॅटरीवर, बॅटरीवर म्हणजे टायमर, टायमर म्हणजे टुक्.

ग्राहक सेवेशी माझं अकरा दिवस चाललं. पहिलं उत्तर: “सर, मशीन रीसेट करून पाहा.” केलं, तरी वाजलं. दुसरं उत्तर: “सर, हा दोष नाही, फीचर आहे. मशीन बंद झाल्याचं पालकांना कळावं म्हणून.” मी लिहिलं, पालकांना कळतं हो, बाळ रडायला लागतं त्यावरून. तिसरं उत्तर: “आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे.” तो विभाग शांत झोपलेला असणार. चौथ्या उत्तरात वीस टक्के सवलतीचं कूपन आलं, दुसरं मशीन घेण्यासाठी.

आणि एक गंमत. बटण दाबून हाताने बंद केलं तर ते वाजत नाही. म्हणजे गुपचूप बंद व्हायला त्याला येतं!

तिसऱ्या महिन्यात वॉरंटीला रामराम करून खालचे चार स्क्रू काढले. आत हिरव्या पट्टीवर शर्टाच्या बटणाएवढी एक काळी गोल डबी, वर मध्ये एक छिद्र. हाच तो बझर. त्या छिद्रावर चिकटपट्टीचे तीन थर लावले, वर कापसाचा बोळा, त्यावर आणखी एक पट्टी. परत जोडलं, टायमर लावला, कान लावून बसलो. टुक्‌चं आता कपाटातल्या घड्याळाएवढं काहीतरी झालं होतं. जग जिंकल्यासारखं वाटलं.

त्या रात्री लेक एका तासाने उठली. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री पन्नासाव्या मिनिटाला, मशीन चालू असतानाच.

(इथपर्यंतचं मी चौथ्या महिन्यात लिहून ठेवलं होतं. पुढचं आत्ताचं आहे.)

मत थोडं बदललंय, नाइलाजाने. लहान बाळाच्या झोपेचं एक आवर्तनच साधारण पन्नास ते साठ मिनिटांचं असतं. ते संपताना झोप अगदी पातळ होते आणि बाळ अर्धवट जागं होतं. नवजात बाळाची तर जवळजवळ निम्मी झोप सक्रिय, म्हणजे चेहरा हलतोय, हातपाय उडतायत, मधेच कण्हतंय. कंपनीचा टायमर साठ मिनिटांचा. बझर वाजायचा आणि आवर्तन संपायचं एकाच सुमाराला, आणि मी अडीच महिने सगळं पाप बझरच्या माथी मारत होतो. शिवाय इतका वेळ चालू असलेला आवाज एकदम तुटणं हाही धक्काच. पंखा चालू असताना वीज गेली की आपणही जागे होतो.

हेही कळलं की पहिल्या ‘अँ’ला धावत जाऊन तिला उचलत होतो तो मीच. त्यातले बरेच ‘अँ’ झोपेतले होते. आता मिनिटभर थांबतो. निम्म्या वेळा ती मान वळवून परत झोपते.

आम्हाला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका फुकटच्या गोष्टीचा. २०२२ साली जपानच्या रिकेन संस्थेच्या संशोधकांनी २१ बाळांवर पाहिलं: रडणाऱ्या बाळाला उचलून पाच मिनिटं न थांबता चाला, झोप लागली की लगेच खाली ठेवू नका, मांडीवर घेऊन आणखी पाच ते आठ मिनिटं बसा, मग ठेवा. गादीला पाठ टेकल्याने बाळ तितकं सावध होत नाही, आपलं अंग सुटायला लागतं तेव्हाच ते सावध होतं. मी हे केलं आणि माझी चूक मला घड्याळात दिसली. डोळे मिटले की मी दीड मिनिटात ठेवायला जायचो. आठ मिनिटं फार मोठी असतात हो. पाय मुंग्यांनी भरतो, नाक नेमकं तेव्हाच खाजतं. पण आठव्या मिनिटाला तिची मूठ आपोआप उलगडते, हात उचलून सोडला तर लोंबतो. मग आधी पाय, मग बूड, मग पाठ, शेवटी डोकं. तरी आपला हात छातीवरून उचलायचा नाही, भार हळूहळू कमी करत जायचा. पहिले काही महिने एवढं करूनही दोन्ही हात फाकून दचकायची. ती उपजत प्रतिक्रिया चार ते सहा महिन्यांत ओसरते, तशी तिचीही ओसरली. दचकू नये म्हणून दुपट्यात गुंडाळायचो, ते मात्र कुशीवर वळायची चिन्हं दिसताच सोडलं. कॉटमध्ये सपाट, घट्ट गादी आणि पाठीवर झोपलेली लेक, बाकी काही नाही. यात आम्ही पहिल्या दिवसापासून तडजोड केली नाही, सुंदर उशा भेट आल्या तरी.

मग मशीनचा उपयोग काय? आहे. बायकोची युक्ती: मी झोपवायचं शेवटचं हत्यार म्हणून ते लावायचो, ती दिवा मंद केला की लगेच लावायला लागली. दिवा मंद, खरखर चालू, डायपर, दूध, थोपटणं, रोज याच क्रमाने. आता खरखर सुरू झाली की लेक डोळे चोळायला लागते. ही सवय लागायला तीनेक आठवडे गेले. त्यात पहिले दोन-तीन महिने बाळांना दिवस-रात्रीचा फरकच नीट नसतो, त्यामुळे आधी काही जमलं नाही याचा सगळा दोष मशीनच्या माथी टाकणार नाही.

वायरचा प्रश्नही सुटला. अडगळीतून लांब एक्स्टेंशन बोर्ड काढला, कपाटामागून नेला, वायर कुठेही तिच्या हाताला लागणार नाही अशी. हे सातव्या महिन्यात का सुचलं, हे बायकोने विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. पण २०१४ च्या त्या लेखात लांब ठेवा, आवाज कमी ठेवा याबरोबर थोडाच वेळ लावा असंही आहे, म्हणून रात्रभर चालवत नाही. साडेदहाला मी झोपायला जाताना चकती अंगठ्याने अगदी सावकाश फिरवत आवाज शून्यावर आणतो, दोन-तीन मिनिटं घेऊन, आणि मग बटण. लेक हलतही नाही. असंच हळूहळू विझणं मशीनला शिकवलं असतं तर कापसाचा बोळा वाचला असता.

परवा कंपनीचा निरोप आला, नव्या मॉडेलमध्ये ‘अधिक सौम्य सूचना-ध्वनी’ दिलाय म्हणे. सौम्य, पण आहेच.

तारे: दोन. ध्वनी बंद करायची सोय दिली तर तिसरा देईन, आणि वायर लांब दिली तर अर्धा आणखी.