वर्षाचा ताळेबंद कधी मांडावा : ३१ डिसेंबरला की पाडव्याला?

वर्ष सरताना आपण काय साधले, काय राहून गेले हे लिहून काढावे आणि पुढच्या वर्षासाठी दोन-चार उद्दिष्टे ठरवावीत, हे ज्यांना आधीच पटलेले आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. प्रश्न कोणते विचारावेत, वही घ्यावी की मोबाइल, यात मी शिरत नाही. हे काम कोणत्या दिवशी करावे, एवढाच माझा मुद्दा आहे. मराठवाड्यात ज्यांचे एक पाऊल नोकरीत आणि दुसरे शेतात आहे, त्यांच्यापुढे दोन दिवस असतात : ३१ डिसेंबर आणि गुढीपाडव्याच्या आदली अमावास्या. मी लातूर जिल्ह्यात शिक्षक आहे, घरी बहुतेक कोरडवाहू आणि विहिरीवर थोडी बागायत अशी शेती आहे, आणि दोन्ही दिवस मी वापरून पाहिले आहेत. दिवाळीचा पाडवा हा तिसरा पर्याय व्यापाऱ्यांना शोभतो. आपल्याकडे तेव्हा सोयाबीन नुकतेच निघालेले असते, रब्बीची पेरणी डोक्यावर असते आणि शांतपणे बसायला कोणालाच सवड नसते.

३१ डिसेंबरची बाजू कमकुवत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. तारीख ठरलेली असते, वर्ष नेहमी बारा महिन्यांचेच असते, त्यामुळे मागच्या वर्षाची बचत, वाचन किंवा चालणे या वर्षाच्या शेजारी ठेवून पाहता येते. पुण्या-मुंबईत असलेली भावंडे त्याच रात्री फोनवर आपापला आढावा सांगू शकतात आणि एकमेकांच्या उद्दिष्टांची आठवण ठेवू शकतात. या सोबतीचे मोल मी कमी मानत नाही. शिवाय वेळ अमावास्या, म्हणजे आमची येळवस, मार्गशीर्ष अमावास्येला येते आणि काही वर्षी ती डिसेंबरअखेरीला अगदी खेटून असते. २०२४ मध्ये ती ३० डिसेंबरला होती. दिवसभर शेतात, कडब्याच्या कोपीपुढे, भज्जी आणि आंबील घेऊन सगळे कुटुंब एकत्र बसलेले असते. त्याच्या दुसऱ्या दिवशी वही उघडली तर मन मोकळे असते. ज्यांचे उत्पन्न फक्त पगाराचे आहे, त्यांनी ३१ डिसेंबर सोडावा असे मी म्हणणार नाही.

माझी अडचण मात्र वेगळी होती आणि तिनेच माझा निर्णय केला. ३१ डिसेंबरला आमच्या घरातले काहीही संपलेले नसते. मी पानाच्या डाव्या बाजूला वर्षारंभी ठरवलेले लिहितो आणि उजव्या बाजूला त्याचे काय झाले ते लिहितो. बहिणीचे हातउसने पैसे परत केले का, याचे उत्तर तुरीवर अवलंबून असते आणि तूर कापून शेतातच पडलेली असते. बारावीतल्या मुलीला वेळ दिला का, हे लिहावे तर तिची परीक्षा फेब्रुवारीत. घरातल्या वडीलधाऱ्या अण्णांच्या मनाविरुद्ध ज्वारीचे क्षेत्र कमी करून हरभरा वाढवला, तो विचार होता की हट्ट होता, हे ठरवायचे तर दोन्ही पिके उभी असतात. उजवी बाजू अशी अर्धी कोरी राहते, आणि त्या कोऱ्या जागेवर उभे राहून पुढच्या वर्षाची उद्दिष्टे ठरवावी लागतात. अशी उद्दिष्टे फार मोघम होतात, असा माझा अनुभव आहे. रागावर ताबा ठेवीन, बचत वाढवीन, यापलीकडे लेखणी जात नाही, कारण राग कुठे आणि का आला याचा निकालच लागलेला नसतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर वाटते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि अनेकांचे सोयाबीन पाण्यात गेले, आमचेही गेले. त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला जे लिहून झाले, त्यात माझ्याविषयी फार थोडे आणि पावसाविषयी फार होते. जखम ओली असताना माणूस स्वतःला एकतर पूर्ण दोषी धरतो किंवा पूर्ण निर्दोष ठरवतो. तेच पान पाडव्याच्या आदल्या दिवशी पुन्हा लिहिले, तेव्हा ओलीवर आलेला हरभरा घरात होता, खर्चाचे आकडे समोर होते आणि पावसाने नेलेले किती व माझ्या चालढकलीमुळे गेलेले किती, हे वेगवेगळे लिहिता आले. हा फरक मोजून दाखवता येणार नाही, पण दोन्ही पाने शेजारी ठेवली की तो दिसतो.

पाडव्यापर्यंत बहुतेक गोष्टींचा निकाल लागलेला असतो. ज्वारीची रास झालेली किंवा होत आलेली असते, तुरीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आडत्याकडून हातात आलेली असते, सोसायटीच्या पीककर्जाचे नवे-जुने, म्हणजे जुने फेडून नवे उचलणे, त्याच सुमारास चाललेले असते. बीडकडची ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गाळप आटोपल्यावर याच दिवसांत परतू लागतात. डिसेंबरअखेर ती परक्या गावच्या फडात असतात, तेव्हा त्यांना वर्ष संपले असे कोणी कसे सांगावे?

सालगड्याचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, साल आमच्याकडे पाडव्याला भरते. आधी घेतलेली उचल वजा करून त्याचा हिशेब होतो आणि पुढचे साल धरायचे की नाही हे तो ठरवतो. त्या वेळी तो वर्षभर मनात ठेवलेले बोलतो, कारण त्या एका दिवशी तो कोणाचा बांधील नसतो. आमच्या सालदार मामांनी एका पाडव्याला पैसे मोजून खिशात ठेवले आणि म्हणाले, "गुरुजी, अण्णांवर तुमचा आवाज लई चढतो. बाकी मला काही म्हणायचं नाही." माझ्या वहीत त्या विषयावर बरेच लिहिलेले होते, परंतु त्यात आवाजाचा उल्लेख नव्हता. आत्मपरीक्षणाला बाहेरच्या माणसाचे असे एक वाक्य लागते आणि डिसेंबरात, साल भरायला अजून सुमारे तीन महिने बाकी असताना, ते मिळत नाही. पुढच्या वर्षाचे पहिले उद्दिष्ट त्यामुळे नेमके लिहिता आले : अण्णांशी शेतीचा विषय सकाळी चहाच्या वेळी काढायचा, संध्याकाळी थकून आल्यावर नाही.

उद्दिष्टे सुरू करायलाही हा काळ मला बरा वाटतो. पाडव्यापासून मृगापर्यंत दोन-अडीच महिने शेतात नांगरट-वखरटीपलीकडे फारसे काम नसते. लगीनसराई आणि पाण्याची वणवण असते हे खरे, तरी पहाटेचे चालणे किंवा रोजचे वाचन पेरणीची घाई सुरू होण्याआधी अंगवळणी पडू शकते.

पाडव्याच्या गैरसोयी लपवण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष सणाच्या दिवशी गुढी, पुरणपोळी आणि येणारे-जाणारे यांत वही उघडणे होत नाही, म्हणून आदली अमावास्या. तीही काही वर्षी मार्चअखेरच्या कामात सापडते. २०२५ चा पाडवा ३० मार्चला होता आणि बँकेत किंवा लेखा विभागात काम करणाऱ्यांना तो दिवस जमणे अवघडच. यावर माझ्यापुरता उपाय असा, की फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे पैठणच्या नाथषष्ठीला, लिहायला सुरुवात करायची. तिथून अमावास्येपर्यंत सुमारे नऊ दिवस मिळतात आणि रोज एकच प्रश्न घेतला तरी काम होते.

वर्षाची लांबी ही मात्र खरी अडचण आहे. ३० मार्च २०२५ ते १९ मार्च २०२६ हे वर्ष ३५४ दिवसांचे झाले. १९ मार्च २०२६ ला सुरू झालेल्या शके १९४८ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ते ३८४ दिवसांचे आहे आणि पुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला येतो. म्हणून बचतीसारखी आकड्यांत मोजायची उद्दिष्टे इंग्रजी महिन्यांवरच ठेवावीत, आणि ज्यांना चैत्र ते फाल्गुन असेच मोजायचे असेल त्यांनी या वर्षाचे रकाने तेरा आखावेत.