शरणपूर रोडवरचं बारावीनंतरचं शिबिर: मुलीला पाठवलं, त्याचा अनुभव

गेल्या नाताळाच्या आधी आमची मुलगी चर्चच्या तरुण संघाच्या कॅम्पहून घरी आली आणि बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, "पप्पा, मी पूर्णवेळ सेवेत जाणार." बारावी सायन्सचं वर्ष, बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर. तिच्या आईचे डोळे भरून आले. मी गप्प बसलो.

मी नाशिकमध्ये सातपूरला एका कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर आहे, 26 वर्षं झाली. प्रभूच्या कामाला नाही म्हणायची माझी छाती नाही. पण कॅम्पच्या शेवटच्या रात्री, सेवेत जातो म्हणून रडत रडत हात वर केलेली माझ्या वेळची तीन मुलं मला माहीत आहेत. त्यातल्या दोघांनी वर्षभरात सेमिनरी (पाळक, म्हणजे धर्मगुरू, होण्याचं शिक्षण) सोडली आणि लाजेने पुढे चर्चलाही येईनात. मुलीचं तसं व्हायला नको, एवढंच माझ्या मनात होतं, आणि ते तिला न दुखावता सांगायचं कसं हे मला कळत नव्हतं.

आधी आम्ही एका करिअर सेंटरमध्ये गेलो. 4,500 रुपये भरले, मुलीने कॉम्प्युटरवर तासभर प्रश्न सोडवले, रंगीत रिपोर्ट मिळाला. तिने सेवेचा विषय काढताच तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ते रविवारसाठी ठेव, आता करिअरचं बोलू." मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी एका वाक्यात बाजूला सारली होती.

मग आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एकांकडून, बारावीनंतर काय करायचं ते ख्रिस्ती मुलांशी बोलणाऱ्या या शिबिराचं कळलं. शरणपूर रोडवर एका चर्चच्या हॉलमध्ये, मे महिन्यातले दोन शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. फी 300 रुपये, दुपारचं जेवण धरून. चालवणारे सगळे वेगवेगळ्या चर्चमधले निवृत्त लोक: एक पाळकसाहेब, एक मेट्रनबाई (हॉस्पिटलातल्या मुख्य नर्स), तहसील कचेरीत नोकरी केलेले एक काका, एक प्राध्यापक. आमची जाहिरात करू नका असं त्यांनी सांगितलंय म्हणून नावं लिहीत नाही. शरणपूर रोडला कुणालाही विचारा, पत्ता सांगतील.

मला सगळ्यात आवडली ती वही. शिबिराच्या आठवडाभर आधी प्रत्येक मुलाला एक साधी वही दिली होती आणि सांगितलं होतं की कुणी न सांगता तुम्ही जे जे करता ते रोज रात्री लिहा. पास होण्यासाठी केलेलं नको, आईने ओरडून करायला लावलेलं नको. माझ्या मुलीने काय लिहिलं ते मला शिबिरातच कळलं. माझ्या आईच्या गोळ्यांचा डबा ती भरते हे मला माहीत होतं, पण तिने लिहिलं होतं: "आजीची थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी जवळजवळ द्यायची नसते. चार तासांचं अंतर हवं. म्हणून डब्यात दोन कप्पे वेगळे केले, सकाळच्या कप्प्याला निळी चिकटपट्टी." दुसऱ्या दिवशी: "खोक्यातला कागद वाचला. अक्षर फार बारीक. आजीला मोठ्या अक्षरात लिहून दिलं." शेजारच्या मावशींची औषधं संपली का ते पाहून आल्याचंही लिहिलं होतं. सात दिवसांत पाच दिवस औषधंच.

मेट्रनबाईंनी ती वही दोनदा वाचली. आमच्यात अशी मुलगी दिसली की सगळे म्हणतात, नर्सिंगला घाला. माझ्या दोन बहिणी नर्स आहेत, त्यामुळे मलाही तेच वाटत होतं. मेट्रनबाईंनी तिला विचारलं, "बाळ, आजीला अंघोळ कोण घालतं?" मुलगी म्हणाली, मम्मी. "तुला आवडतं का ते करायला?" मुलगी खाली बघत म्हणाली, नाही. तिला वाटलं आता बोलणी बसणार. बाई म्हणाल्या, "खरं बोललीस ते बरं झालं. नर्सचं निम्मं काम तेच आहे. तुझा जीव औषधात आहे." मग त्यांनी फार्मसीचं समजावलं: डी. फार्म दोन वर्षांचा, बी. फार्म चार वर्षांचा, पुढे हॉस्पिटलच्या औषध विभागात काम. मिशन हॉस्पिटलांनाही फार्मासिस्ट लागतो हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल 1894 पासून आहे, आमच्या घरातले दोघं तिथे उपचार घेऊन आलेत, पण तिथे औषध देणाऱ्या खिडकीमागचा माणूसही सेवेतच आहे असं मी कधी धरलं नव्हतं.

पाळकसाहेबांचं सत्र याच धाग्यावर होतं. पाचारण, म्हणजे देवाची हाक, म्हणजे फक्त चर्चमध्ये वेदीपुढे उभं राहणं, ही समजूत काढून टाका, असं ते म्हणाले. मग ते शरणपूरचीच गोष्ट सांगायला लागले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना मिशनऱ्यांनी इथे ठेवलं, लिहायला-वाचायला आणि हातकाम शिकवलं. जेकब वेनराइट त्यांच्यातलाच. 1873 साली आफ्रिकेत मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा प्रेतक्रियेची प्रार्थना त्याने वाचली, झाडाच्या खोडावर त्यांचं नाव आणि तारीख त्यानेच कोरली. सोबत्यांनी तो देह महिनोन्महिने चालत समुद्रापर्यंत नेला, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. मी शरणपूरला लहानाचा मोठा झालो आणि हे पन्नाशीला आल्यावर ऐकलं. तो पाळक नव्हता, त्याला वाचता-लिहिता येत होतं, आणि त्या दिवशी तेच कामी आलं. हॉलमध्ये चाळीसेक मुलं होती, एकाचाही मोबाइल बाहेर नव्हता.

सेमिनरीचं पाळकसाहेबांनी टाळलं नाही, हेही सांगायला हवं. पुण्याच्या बिबवेवाडीतली युनियन बिब्लिकल सेमिनरी (ही पूर्वी यवतमाळला होती, 1983 मध्ये पुण्यात आली), तिथला अभ्यास किती कठीण असतो, ग्रीक आणि हिब्रू म्हणजे काय, सगळं सांगितलं. माझ्या मुलीला ते म्हणाले, "आधी पदवी घे. चार वर्षांनीही हाक ऐकू आली तर मी स्वतः शिफारसपत्र देईन." ती चार वर्षं ऐकून माझा जीव भांड्यात पडला, आणि तिलाही कुणी अडवल्यासारखं वाटलं नाही.

आता कागदपत्रांचं सत्र. हे घेणारे तहसीलवाले काका बोलायला रुक्ष आहेत, पण आई-वडिलांनी एकही मिनिट चुकवू नये. आपल्या ख्रिस्ती लोकांत जातीच्या दाखल्याचा किती घोळ असतो ते सगळ्यांना माहीत आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या सवलती मिळत नाहीत, महाराष्ट्रात त्यांना ओबीसीत धरतात. आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांचं तसं नाही, धर्म बदलल्याने त्यांचा अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. पेठ, सुरगाणा या तालुक्यांकडून आलेल्या दोन आदिवासी मुलांच्या वडिलांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी मुलांना खुल्या वर्गात टाकलं होतं. काकांनी तिथल्या तिथे कागद काढून लिहून दिलं: शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, आणि ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयर. अल्पसंख्याक कॉलेजांत ख्रिस्ती कोट्यासाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागतात, पण जातीच्या दाखल्याच्या जागी तो चालत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत एक स्पेलिंग आणि शाळेच्या दाखल्यात दुसरं, असं असेल तर आजच दुरुस्त करा, हेही. माझ्या मुलीच्या आडनावात तेच निघालं.

तक्रारी आहेत, आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगून आलोय.

पहिली, वेळ. मे महिन्यात हे शिबिर घेऊन उपयोग काय? सीईटीचे आणि नीटचे फॉर्म त्याच्या कितीतरी आधी बंद झालेले असतात. आमच्या मुलीने सीईटीचा फॉर्म भरला होता तो तिच्या बायोलॉजीच्या बाईंनी मागे लागून भरायला लावला म्हणून. ज्यांनी भरला नव्हता त्या मुलांची तोंडं बघवत नव्हती. एक मुलगा फिजिओथेरपीचं ऐकून उभा राहिला आणि नीटचा फॉर्मच भरला नाही म्हणाला. त्याचं एक वर्ष गेलं. हे शिबिर नोव्हेंबरात व्हायला हवं, दिवाळीच्या सुट्टीत.

दुसरी, बस. एकेकाला वेगळं बसवून बोलायचं ते पाचनंतर ठेवलं होतं. पेठची आणि सुरगाण्याची मुलं एसटी चुकू नये म्हणून साडेचारलाच उठली. ज्यांना या बोलण्याची सगळ्यात जास्त गरज, तीच त्याला मुकली. त्यांना आधी घ्यायला काय हरकत होती?

तिसरी माझ्या जवळची आहे. दोन दिवसांत आयटीआयला मिळाली दहा मिनिटं. सातपूरला त्र्यंबक रोडवर सरकारी आयटीआय आहे, अंबड आणि सातपूरचे कारखाने अप्रेंटिस घेतात, दहावीनंतर आयटीआय केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. यातलं एकही वाक्य कुणी बोललं नाही. प्राध्यापक म्हणाले, मार्क कमी असतील तर आयटीआयही आहे. मला ते लागलं. बायबलमध्ये देवाने निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) कामासाठी बसालेलाला नावाने बोलावलं आणि आपल्या आत्म्याने भरलं, तो सोन्या-लाकडावर काम करणारा कारागीर होता. पाळकसाहेबांनी सकाळी जे शिकवलं ते दुपारी त्यांच्याच हॉलमध्ये विसरलं गेलं.

मुक्त विद्यापीठाचंही तसंच. 1989 पासून ते आपल्या नाशिकमध्ये आहे, कमावता कमावता शिकणाऱ्या मुलांसाठीच आहे, त्यावर पाच मिनिटं.

तरी 300 रुपयांत दोन दिवस मुलांशी असं बोलणारं मी दुसरं काही पाहिलेलं नाही. पालकांना पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बाहेर बसवतात, त्याचा राग मानू नका, मुलं आपल्यासमोर खरं बोलत नाहीत. जाताना शाळेचे दाखले, आधार आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीची झेरॉक्स घेऊन जा. पंखे कमी आहेत, पाण्याची बाटली सोबत ठेवा. जेवण साधं, पोटभर.

मुलीने बी. फार्मचा प्रवेश फॉर्म भरलाय, पहिल्या यादीची वाट बघतोय. आयटीआयचं मी बोललो तेव्हा मेट्रनबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी तो तास तुम्हीच घ्या." मी हो म्हटलंय. लेथवर काढलेला एक पितळी बुश मी पिशवीत घालून ठेवलाय, मुलांच्या हातात द्यायला.