खुल्दाबादची मार्गदर्शित फेरी : सुफींचे धर्मकार्य समजून घेताना

वेरूळपासून अगदी जवळ असलेल्या खुल्दाबादची अर्ध्या दिवसाची मार्गदर्शित फेरी आम्ही नुकतीच केली. इस्लामच्या प्रसारात धर्मप्रसारकांची भूमिका नेमकी काय होती, हे समजून घेण्याची इच्छा असणाऱ्यांनी ती जरूर करावी. दिल्लीचे सुफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब (निधन 1337) आणि त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे समोरासमोर आहेत. झैनुद्दीनांच्या आवारातच औरंगजेबाची कबर आहे; उघड्या आकाशाखालची, वर माती आणि त्या मातीत उगवलेले रोप. बादशहाने सुफी संताच्या पायाशी जागा मागितली, हे तिथे उभे राहिल्यावरच खऱ्या अर्थाने पोहोचते.

एक उणीव मात्र स्पष्टपणे सांगायला हवी. दिल्लीहून शेकडो सुफी धर्मांतरासाठी पालख्यांतून धाडले गेले, ही आख्यायिका मार्गदर्शकांनी इतिहास म्हणून सांगितली. वास्तविक बुऱ्हाणुद्दीनांच्या संभाषणांची शिष्यांनी फारसीत केलेली टिपणे उपलब्ध आहेत आणि त्यांत भर आहे तो मुरिदांच्या, म्हणजे शिष्यांच्या, शिस्तीवर, उपासनेवर आणि समावर, म्हणजे भक्तिसंगीतावर. धर्मांतराच्या मोहिमेवर नव्हे. लोकांपर्यंत ही परंपरा पोहोचली ती दर्ग्यांच्या उरुसांतून, आणि विजापूरकडे तर दख्खनी भाषेतल्या चक्कीनाम्यांतून, जे बायका जात्यावर दळताना आपल्या ओव्यांसारखेच गात. हा भाग फेरीत पूर्णपणे वगळला जातो, याचे मनापासून वाईट वाटते.

दुपारी दगड फार तापतो, म्हणून सकाळचीच वेळ घ्यावी.